लोखंडी नांगर ते ट्रॅक्टर : महाराष्ट्रातील शेती-औजारांची निवड, खरेदी व खर्च यांवरील कायद्याच्या प्रभावाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या कृषी-इतिहासाचे लेखन प्रामुख्याने जमीनमहसूल, सावकारी, कूळकायदा, सिंचन आणि सहकार या विषयांभोवती झालेले आहे. शेतकरी ज्या साधनांनी जमीन कसतो त्या साधनांचा इतिहास मात्र बहुधा तंत्रज्ञानाच्या प्रगतीची कथा म्हणून सांगितला जातो. लाकडी नांगर मागे पडला, लोखंडी नांगर आला, पुढे ट्रॅक्टर आला, असा हा सरळ क्रम असतो. ही मांडणी चुकीची नसली तरी अपुरी आहे. शेतकऱ्याने कोणते औजार निवडावे, ते कोणत्या पैशातून घ्यावे आणि त्याचा खर्च कोणी सोसावा, हे केवळ औजाराच्या गुणांवर ठरत नाही. कर्ज, जप्ती, जमीनधारणा आणि वाहतूक यांविषयीचे कायदेही ते ठरवीत असतात. म्हणून शेती-औजारांचा इतिहास हा काही अंशी कायद्याचाही इतिहास ठरतो.

प्रस्तुत शोधनिबंधात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आजपर्यंतच्या कालखंडात महाराष्ट्रातील शेती-औजारांची निवड, खरेदी आणि खर्च यांचा कायद्याशी आलेला संबंध तपासला आहे.

संशोधनाची उद्दिष्टे

१. औजार-खरेदीच्या संदर्भात कर्जविषयक व जप्तीविषयक कायद्यांचे स्वरूप अभ्यासणे.
२. लाकडी नांगर, लोखंडी नांगर व ट्रॅक्टर या तीन टप्प्यांत खर्चाचे स्वरूप कसे बदलले याचा शोध घेणे.
३. जमीनधारणेचा आकार व यंत्राची क्षमता यांतील विसंगतीचे परीक्षण करणे.

संशोधन पद्धती

या लेखनासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. संबंधित अधिनियमांतील तरतुदी, कृषी गणनेची आकडेवारी आणि प्रकाशित ग्रंथ यांचा आधार घेतला आहे. खर्चाच्या विवेचनात दिलेले उदाहरण स्पष्टीकरणापुरते असून त्यातील किमती व दर गृहीत धरलेले आहेत.

१. बलुत्याच्या चौकटीतील औजार

नांगर, कुळव, पाभर, कोळपे ही दख्खनमधील शेतकऱ्याची परंपरागत औजारे गावातच तयार होत. बाभळीचे लाकूड बहुधा बांधावरचे असे. सुतार ते घडवी आणि लोहार फाळ ठोकून देई. या कामाचा मोबदला दरवेळी रोख दिला जात नसे, तर सुगीच्या वेळी धान्याच्या बलुत्यातून तो चुकता होई. आजच्या परिभाषेत सांगायचे तर या औजारावर भांडवली खर्च जवळजवळ नव्हता आणि दुरुस्तीचा खर्च पिकाशी बांधलेला होता. पीक बुडाले की बलुतेही घटे, त्यामुळे नुकसानीचा वाटा सुतार-लोहारांनाही उचलावा लागे.

खरा खर्च होता तो बैलांचा. ज्याच्याकडे एकच बैल असे तो दुसऱ्या एकबैली शेतकऱ्याशी वारंगुळा करी. नांगरटीसाठी इर्जिक आणि इतर कामांसाठी सावड होती. साधन एकाचे आणि वापर अनेकांचा ही व्यवस्था परोपकारातून जन्मली नव्हती. लहान धारणेवर पूर्ण जोडी पोसणे परवडत नाही, या साध्या हिशेबातून ती आली होती.

२. तगाई कायदे व जप्तीपासून संरक्षण

पुणे जिल्ह्यातील सुपे येथून मे १८७५ मध्ये सुरू झालेल्या दख्खनच्या दंग्यांनी शेतकऱ्यांच्या कर्जबाजारीपणाचा प्रश्न सरकारसमोर आणला. त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा अस्तित्वात आला. शेतकऱ्याची स्थावर मिळकत विशेषत्वाने गहाण दिलेली नसेल तर साध्या पैशाच्या हुकूमनाम्यात तिची जप्ती व विक्री करता येऊ नये, असे त्याचे एक महत्त्वाचे सूत्र होते.

यानंतर तगाईचे दोन कायदे झाले. १८८३ चा जमीन सुधारणा कर्ज कायदा विहीर, बांधबंदिस्ती, निचरा यांसारख्या जमिनीशी निगडित आणि तिचे मूल्य वाढविणाऱ्या कामांसाठी होता. १८८४ चा शेतकरी कर्ज कायदा संकटनिवारण, बी-बियाणे, जनावरे आणि पहिल्या कायद्यात न बसणारी शेतीविषयक इतर कारणे यांसाठी होता. औजारांची खरेदी या दुसऱ्या कायद्याच्या कक्षेत येते. दोन्ही कायद्यांखालील थकबाकी जमीनमहसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येई.

१८८४ च्या कायद्यात एक तरतूद विशेष लक्षणीय आहे. गावसमुदायातील व्यक्तींना किंवा इतर अनेकांना मिळून, सर्वजण संयुक्तपणे व स्वतंत्रपणे बांधील राहतील अशा अटीवर, कर्ज देण्याची सोय त्यात होती. एका औजारासाठी अनेकांनी मिळून कर्ज काढण्याचा मार्ग कायद्याने त्या काळीच मोकळा ठेवला होता.

दुसऱ्या बाजूने दिवाणी कायद्याने औजाराला संरक्षण दिले. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार, ऋणको शेतकरी असल्यास त्याची शेतीची औजारे, तसेच न्यायालयाच्या मते उपजीविकेसाठी आवश्यक असतील तेवढी जनावरे व बियाणे जप्त करता येत नाहीत. कारागिराच्या हत्यारांनाही हेच संरक्षण आहे. कर्ज बुडाले तरी माणसाचे उपजीविकेचे साधन काढून घेऊ नये, हे तत्त्व यामागे आहे.

या संरक्षणाला दुसरी बाजूही होती. जे साधन जप्त करता येत नाही ते धनकोच्या दृष्टीने भरवशाचे तारण ठरत नाही. त्यामुळे औजारासाठी कर्ज देणारा जमिनीकडे बोट दाखवी. औजार सुरक्षित राहिले, परंतु त्याच्या खरेदीचा भार जमिनीवर पडण्याची शक्यता वाढली.

३. लोखंडी नांगर : रोख खर्चाचा प्रारंभ

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बेळगाव येथे सायकलच्या व्यवसायानंतर कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर यांचे उत्पादन विसाव्या शतकाच्या आरंभी हाती घेतले. लोखंडामुळे जमीन नासेल या समजुतीमुळे प्रारंभी नांगरांना गिऱ्हाईक मिळेना, अशी हकीकत किर्लोस्कर उद्योगाच्या इतिहासात सांगितली जाते. बेळगावची जागा सोडावी लागल्यावर औंध संस्थानाचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल येथे जागा दिली आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली.

शेतकऱ्याच्या या साशंकतेला केवळ अज्ञान म्हणून बाजूला सारणे योग्य नाही. लोखंडी नांगर खोल जात असे. काळ्या भारी जमिनीत त्याचा लाभ निर्विवाद होता, पण त्याला ओढशक्ती अधिक लागे. एका जोडीच्या जागी दोन वा अधिक जोड्या जुंपाव्या लागत. शिवाय नांगराची किंमत रोख मोजावी लागे आणि फाळ झिजला की नवा फाळही रोखीनेच घ्यावा लागे. गावचा सुतार तो दुरुस्त करू शकत नसे. औजार बलुत्याच्या चौकटीतून बाहेर पडून बाजाराच्या चौकटीत आले, तेव्हा दुष्काळातही न घटणारा खर्च शेतकऱ्याच्या खात्यावर चढला. त्याची साशंकता लोखंडाविषयी जितकी होती तितकीच या खर्चाविषयीही असावी, असे मानण्यास जागा आहे.

याच काळात धारणेचा आकार घटत होता. पुणे कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास १९१७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यानुसार १७७१ मध्ये सुमारे ४० एकर असलेली सरासरी धारणा १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आली होती. या निष्कर्षांच्या आधारे तुकडे जोडण्याचा व धारणा मोठी करण्याचा विचार पुढे आला.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९१८ मध्ये लहान धारणांच्या प्रश्नावर लिहिलेल्या निबंधात या विचाराला मूलभूत आक्षेप घेतला. धारणा लहान की मोठी हे केवळ एकरांवरून ठरत नाही. जमिनीचे श्रम, औजारे व जनावरे या उत्पादनाच्या इतर घटकांशी असलेले प्रमाण योग्य आहे की नाही, यावर ती आर्थिकदृष्ट्या किफायतशीर आहे की नाही हे ठरते. ज्याच्याकडे अपुरी औजारे आहेत त्याला आहे तीच जमीन मोठी पडते, असा या युक्तिवादाचा रोख होता. यंत्र-निवडीच्या आधुनिक शास्त्रात यंत्राची क्षमता व क्षेत्र यांचा मेळ हे जे प्रथम सूत्र मानले जाते, त्याची आर्थिक मीमांसा या निबंधात आढळते.

४. ट्रॅक्टरचे आगमन व शासकीय नियमन

दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ मध्ये केंद्रीय ट्रॅक्टर संघटना स्थापन झाली. कांस माजलेल्या पडीक जमिनी लागवडीखाली आणणे हे तिचे प्रमुख काम होते. १९४९ मध्ये जागतिक बँकेने कृषी-यंत्रांसाठी भारताला १ कोटी डॉलरचे कर्ज दिले. या टप्प्यावर ट्रॅक्टर हे मुख्यत्वे शासनाचे साधन होते.

खासगी मालकीचा ट्रॅक्टर त्यानंतरच्या दशकांत पसरला. १९५९ मध्ये फरिदाबाद येथे आयशरचा पहिला देशी बनावटीचा ट्रॅक्टर तयार झाला. १९६३ मध्ये महिंद्र उद्योगसमूहाने इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या सहकार्याने मुंबईत ट्रॅक्टर-उत्पादनाची कंपनी स्थापन केली. मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रात यंत्रांच्या परीक्षणाची व्यवस्था झाल्याने इंधनाचा वापर, ओढशक्ती व टिकाऊपणा यांची तटस्थ माहिती मिळू लागली. मागणीच्या मानाने पुरवठा अपुरा असल्याने १९६७ मध्ये किमतींवर व १९७१ मध्ये वितरण व विक्रीवर नियंत्रण आदेश लागू झाले. किंमत-नियंत्रण १९७४ मध्ये उठले. त्या वर्षांत कोणता ट्रॅक्टर घ्यावा यापेक्षा कोणता मिळेल हा प्रश्न शेतकऱ्यापुढे अधिक होता.

खरेदीच्या अर्थपुरवठ्याचीही उभारणी याच काळात झाली. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ४८ ने कर्जदार सभासदाच्या जमिनीवर संस्थेचा बोजा निर्माण करण्याची तरतूद केली. १९६३ मध्ये कृषी पुनर्वित्त महामंडळ, १९६५ मध्ये महाराष्ट्र कृषी उद्योग विकास महामंडळ, १९६९ मध्ये १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण आणि १९८२ मध्ये नाबार्ड हे त्यातील प्रमुख टप्पे होत.

५. औजाराचे वाहन झाले : कायदेशीर स्थानातील बदल

नांगर हे कायद्याच्या दृष्टीने औजार होते. ट्रॅक्टर हे औजार असून मोटार वाहनही आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ नुसार त्याची नोंदणी, चालकाचा परवाना व तृतीय पक्ष विमा आवश्यक ठरतो. कर्जाने घेतलेल्या ट्रॅक्टरच्या नोंदणी-प्रमाणपत्रावर कलम ५१ नुसार तारणगहाणाची नोंद होते. या नोंदीने ट्रॅक्टर हेच धनकोचे तारण बनले.

या बदलाचे महत्त्व २००२ च्या सरफेसी कायद्याच्या कलम ३१ मध्ये स्पष्ट दिसते. शेतजमिनीवरील तारणहक्काला हा कायदा लागू होत नाही. दिवाणी संहितेच्या कलम ६० खाली जप्तीपासून मुक्त असलेली मालमत्ताही त्यातून वगळली आहे. परंतु जी मालमत्ता त्याच कर्जासाठी विशेषत्वाने तारण दिलेली आहे तिला ही सूट नाही. म्हणजेच १९०८ मध्ये औजाराला मिळालेले संरक्षण तत्त्वतः कायम आहे, मात्र औजारच तारण देऊन औजार घेणाऱ्याला त्याचा आधार उरत नाही. हंगामाच्या तोंडावर हप्ता थकला तर जाते ते नांगरटीचे साधनच.

सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र कायद्याने वेगळी दिशा घेतली. मळणी यंत्रांत हात अडकून होणाऱ्या अपघातांच्या पार्श्वभूमीवर १९८३ मध्ये धोकादायक यंत्रे (नियमन) अधिनियम संमत झाला. उत्पादकाला परवाना आणि जखमी व्यक्तीला भरपाई ही त्याची दोन प्रमुख अंगे आहेत. मजुराचा हात हाही यंत्राच्या खर्चाचा भाग आहे, हे त्याने मान्य केले. स्वस्त पण असुरक्षित यंत्र निवडणाऱ्याचा हिशेब त्यामुळे अपूर्ण ठरतो.

६. खर्चाचा हिशेब व जमीनधारणेची मर्यादा

यंत्राच्या खर्चाचे स्थिर व चल असे दोन भाग पडतात. घसारा, गुंतवणुकीवरील व्याज, विमा व निवारा हा स्थिर खर्च यंत्र उभे असले तरी होतो. इंधन, वंगण, दुरुस्ती व चालकाची मजुरी हा चल खर्च वापरानुसार होतो.

उदाहरणादाखल ७,००,००० रुपयांचा ट्रॅक्टर, १० वर्षे आयुष्य व १० टक्के अवशिष्ट मूल्य गृहीत धरले तर वार्षिक घसारा ६३,००० रुपये येतो. ३,८५,००० रुपयांच्या सरासरी गुंतवणुकीवर १० टक्के दराने व्याज ३८,५०० रुपये होते. विमा व निवारा यांसाठी किमतीच्या २ टक्के म्हणजे १४,००० रुपये धरल्यास एकूण वार्षिक स्थिर खर्च १,१५,५०० रुपये होतो. वर्षाला १००० तास वापर झाल्यास ताशी स्थिर खर्च ११५.५० रुपये पडतो, तर ३०० तास वापर झाल्यास तो ३८५ रुपयांवर जातो. चल खर्च ताशी ५०० रुपये व भाड्याचा दर ताशी ९०० रुपये मानला, तर सुमारे २८९ तासांच्या आत मालकीपेक्षा भाडे स्वस्त ठरते.

आता हा हिशेब महाराष्ट्रातील धारणेशी ताडून पाहावयास हवा. कृषी गणनेनुसार राज्यातील सरासरी धारणा १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होती. २०१५-१६ मध्ये ती १.३४ हेक्टर, म्हणजे सुमारे ३.३ एकर झाली. एकरी वर्षाला १० तास काम धरले तर अशा धारणेवर ट्रॅक्टरला ३३ तासांचे काम आहे. भाड्याने हे काम २९,७०० रुपयांत होते, तर स्वतःच्या ट्रॅक्टरने त्यास १,३२,००० रुपये लागतात.

हा प्रश्न केवळ लहान शेतकऱ्यापुरता नाही. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्यानुसार, १९७५ च्या सुधारणेनंतर, पाच सदस्यांपर्यंतच्या कुटुंबाला बारमाही सिंचनाची १८ एकर किंवा जिरायत ५४ एकर ही मर्यादा आहे. दुसरीकडे नाबार्डच्या मार्गदर्शक निकषांत ट्रॅक्टर-कर्जासाठी साधारणतः ८ एकर बारमाही सिंचित जमीन व वर्षाला सुमारे १००० तासांचा वापर अपेक्षिला गेला. वरील गृहीतकाने १००० तासांसाठी १०० एकर लागतात. जमीन कायद्याने ५४ एकरांपेक्षा अधिक ठेवता येत नाही आणि कर्जाचे गणित १०० एकरांचे काम मागते. याचा अर्थ मालकाने दुसऱ्याच्या शेतात किंवा रस्त्यावर ट्रॅक्टर चालवावा हे गृहीतच धरलेले आहे.

पश्चिम महाराष्ट्रात ऊसवाहतुकीने ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढली. तथापि, १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी कृषी ट्रॅक्टरला परिवहनेतर वाहन मानले आहे. शेतमालाची वाहतूक त्यात बसते, परंतु भाड्याने विटा, वाळू वा माणसे वाहिल्यास परवान्याचे व विम्याच्या अटींचे प्रश्न उभे राहतात. अपघात झाला तर विमा असूनही भरपाईचा बोजा अखेरीस मालकावर येऊ शकतो. पतपुरवठ्याची चौकट ज्या वापराकडे ढकलते, त्याच वापराला वाहनविषयक चौकट आळा घालते, ही येथील मुख्य विसंगती होय.

अलीकडील धोरणांचा भर किंमत कमी करण्यावर राहिला आहे. २०१४-१५ मध्ये सुरू झालेल्या कृषी यांत्रिकीकरण उप-अभियानात यंत्रांसाठी अनुदान व भाडेतत्त्वावरील औजार केंद्रांसाठी साहाय्य या दोहोंची तरतूद झाली. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. हे उपाय स्वागतार्ह आहेत. परंतु वरील उदाहरणात किंमत निम्मी केली तरी ३३ तासांच्या वापरावर ताशी स्थिर खर्च १,७५० रुपये राहतो. किंमत कमी केल्याने कामाचे तास वाढत नाहीत.

निष्कर्ष

१. बलुत्याच्या व्यवस्थेत औजाराचा खर्च पिकाबरोबर कमी-अधिक होत असे. लोखंडी नांगराने तो रोख बनविला आणि ट्रॅक्टरने तो मुदतबंद हप्त्यांत बांधला. प्रत्येक टप्प्यावर काम सुलभ झाले, परंतु अवर्षणाचा धोका अधिकाधिक एकट्या शेतकऱ्यावर आला.

२. १९०८ च्या संहितेने उपजीविकेचे साधन म्हणून जपलेले औजार ट्रॅक्टरच्या रूपाने कर्जाचे तारण बनले. कायदा न बदलताही औजाराचे कायदेशीर स्थान बदलले.

३. जमीनधारणेची कमाल मर्यादा, कर्जाचे निकष व वाहनविषयक नियम हे स्वतंत्रपणे योग्य असले तरी त्यांची एकत्रित फलश्रुती मालकीच्या ट्रॅक्टरला किफायतशीर होऊ देत नाही.

४. वारंगुळा व इर्जिक यांतील सामायिक वापराचे तत्त्व आणि १८८४ च्या कायद्यातील संयुक्त कर्जाची तरतूद यांचा आजच्या संदर्भात पुनर्विचार व्हावयास हवा. भाडेतत्त्वावरील केंद्रे, सहकारी संस्था व शेतकरी उत्पादक कंपन्या हे त्याचे आधुनिक मार्ग होत.

५. यंत्र घेण्यापूर्वी त्याचा परीक्षण अहवाल, वार्षिक वापराचे तास, भाड्याशी तुलना, नोंदणी व विम्याच्या अटी आणि तारणाचे परिणाम यांचा एकत्र विचार होणे आवश्यक आहे. महाविद्यालयांतील कृषी अर्थशास्त्र व इतिहास या विषयांच्या अध्यापकांनी परिसरातील गावांत औजारांच्या मालकीचे व प्रत्यक्ष वापराच्या तासांचे सर्वेक्षण हाती घेतल्यास या विवेचनाची पडताळणी होऊ शकेल. डॉ. मान यांनी एका गावाच्या जमिनीचा हिशेब मांडला. तसाच हिशेब आज गावातील ट्रॅक्टरांचाही मांडला गेला पाहिजे.